खिडक्यांच्या जाळ्या : घरातल्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी

घरातला शेवटचा कापूस आज गेला आणि समोरची खोली रिकामी झाली. झाडून काढली, पण उजेड काही वाढला नाही. खिडकीच्या जाळीवर रुईचा थर इतका बसलाय की पलीकडचा गोठा दिसत नाही. मग घरभर फिरून प्रत्येक खिडकी पाहिली. माजघराची जाळी धुळीनं मातकट झालेली, स्वयंपाकघराची तेलकट काळी. नव्या खोलीतली लांबून बरी दिसते, पण बोट फिरवलं की काळं होतं. भाऊजींच्या खोलीत जाळीचा पल्ला सताड उघडा, भिंतीला टेकवून ठेवलेला.

विचारलं तर म्हणाले, "हवाच येऊन नाही राहिली, वहिनी. बंद केली का जीव घाबरते."

हे बोलणं मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण सगळं काम त्याच्यापाशीच येऊन थांबतं. मागच्या पावसाळ्यात भाऊजींना डेंग्यू झाला होता. जाळी फाटली की डास येतात हे सगळ्यांना कळतं आणि भोक दिसलं की कोणी तरी चिंधी कोंबतं. पण जाळी कोंदली की आपणच ती उघडून ठेवतो, आणि मग ती असून नसल्यासारखी. आमच्याकडे घर धुतात, भांडी घासतात, दिवाळीला भिंती पुसतात. जाळीला मात्र झाडू लावला की झालं असं समजतात. या वर्षी हे काम नीट करायचं आणि काय केलं ते लिहीत जायचं.

१३ फेब्रुवारी

कोणती जाळी कशाची आहे ते आधी पाहिलं. धुण्याची रीत त्यावर ठरते.

मुलीच्या जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून प्रत्येक जाळीला लावलं. जुन्या घराच्या सागवानी चौकटींना ते लगेच चिकटलं. ती जीआयची, म्हणजे लोखंडी तारेवर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी. लाकडी पट्टी ठेवून चुका (बारीक खिळे) ठोकून बसवलेली. स्वयंपाकघरात चिकटलं नाही, तार कडक आणि चकचकीत, ती स्टीलची. नव्या स्लॅबच्या खोलीत अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आहे, तिची जाळी काळी आणि मऊ, दुमडली तरी घडी राहत नाही. ती फायबरची, काचेच्या धाग्यावर पीव्हीसीचा थर असलेली. न्हाणीत आणि धान्याच्या खोलीत वेल्क्रोच्या पट्टीवर चिकटवलेली नायलॉनची.

चौघींचे स्वभाव वेगळे. जीआयच्या जाळीला ॲसिड चालत नाही. संडास साफ करायचं ॲसिड मारून जाळी चकाचक करणारे लोक मी पाहिलेत. ते ॲसिड मळाबरोबर जस्तही खातं आणि पुढच्याच पावसाळ्यात जंग चढतो. फायबरला घासलेट, थिनर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही. वरचा थर गेला की आतले काचेचे धागे उघडे पडतात आणि हाताला खाज सुटते. अॅल्युमिनियमच्या चौकटीला धुण्याचा सोडा लावला तर ती काळवंडते. स्टील सगळ्यात सोशिक.

१५ फेब्रुवारी

फायबर जाळीच्या उरलेल्या गुंडाळीवर चिठ्ठी सापडली. एका इंचात एका बाजूनं १८ घरं, दुसऱ्या बाजूनं १६, धागा ०.२८ मिलिमीटर जाड. मुलगी दहावीला आहे. तिला म्हटलं, यात हवेला किती जागा उरते ते काढून दे.

तिनं कंपासपेटीतली पट्टी ठेवून घरं मोजून खात्री केली आणि मग गणित मांडलं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १८ नं भागलं की धाग्यासकट एक घर १.४१ चं, धागा वजा केला की मोकळी फट १.१३. दुसऱ्या बाजूनं १.५९, फट १.३१. दोन्हींचा गुणाकार करून पूर्ण घराशी तुलना केली तर मोकळी जागा निघते ६६ टक्के. नवी कोरी जाळीसुद्धा खिडकीचा एक तृतीयांश भाग अडवते, हे मला माहीत नव्हतं.

मग तिला म्हटलं, धाग्याच्या दोन्ही बाजूंना ०.१ मिलिमीटर धूळ बसली असं समज. उत्तर ४६ टक्के. ०.२ धरली तर ३० वर आलं. धुळीचा थर ०.२ म्हणजे दोन साध्या कागदांइतकाच जाड, डोळ्याला तो जाणवत नाही. भाऊजींना ही वही दाखवली. ते पानाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मंग मी खोटं नव्हतो बोलत."

नव्हतेच बोलत.

१७ फेब्रुवारी

धुवायचं कधी, यावर आईंशी (सासूबाईंशी) बोलले. मला वाटत होतं लगेच सुरू करावं. आई म्हणाल्या, "अवं, हरभरा निघायचा हाय, मंग गहू. मळणीयंत्र वाड्यामागंच लागते. आत्ता धुशीन तं पंधरा दिवसात पुन्हा तेच." बरोबर आहे. हरभऱ्याचा भुसा बारीक आणि खाजरा असतो, गव्हाचा त्याहून उडता. धुणं मार्चच्या मधावर ढकललं. रुई मात्र थांबणार नाही. तिच्यावर भुसा बसला की दोन्ही मिळून घट्ट बसतात, म्हणून कापसाच्या खोलीची जाळी आत्ताच कोरडी साफ करायची.

१८ फेब्रुवारी

रुई काढायचं काम वाटतं त्याहून नाजूक निघालं. झाडूनं झटकलं तर वरवरची उडते आणि घरात पसरते. ब्रशनं घासलं तर तंतू भोकातून पलीकडे जातात आणि तिकडच्या तारेला अडकतात, कारण कापसाचा तंतू लांब असतो आणि त्याला नैसर्गिक पीळ असतो. जाळीच्या दोन-तीन घरांतून तो आत-बाहेर विणल्यासारखा जातो. फवारणीच्या पंपाचा ब्लोअर आणायची भाऊजींची तयारी होती, पण ती रुई मग माजघरात आणि देवघरात गेली असती.

चाललं ते असं. जुन्या सुती साडीचा तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, फक्त ओलसर ठेवायचा. तो तळहाताला गुंडाळून जाळीच्या वरच्या काठापासून खाली, एकाच दिशेनं, दाब न देता ओढायचा. रुई सुटून वळत जाते आणि खालच्या पट्टीपाशी लांब पेळूसारखी जमा होते. ती उचलून पाटीत टाकायची, कापड पलटायचं, पुन्हा वरून. उलट दिशेला हात गेला की वळलेली रुई परत पसरते. नाकाला ओला दुपट्टा बांधला होता, तरी संध्याकाळपर्यंत घसा खवखवत राहिला. कापूस साठवलेल्या खोलीत हा त्रास सगळ्यांनाच होतो, अंगाला खाजही सुटते.

खालच्या पट्टीच्या खाचेत लाल ढेकण्या मेलेल्या सापडल्या. कापसाबरोबर घरात आलेल्या.

२४ फेब्रुवारी

धान्याच्या खोलीची वेल्क्रोची जाळी काढली. जाळी ठीक आहे, पण पट्टी चिकटत नाही. दुकानदार म्हणेल नवी घ्या. पट्टी उजेडात धरून पाहिली तर तिच्या बारीक आकड्यांत रुई गच्च भरलेली. आकडे शाबूत आहेत, त्यांना धरायला जागा उरलेली नाही. दाट दातांच्या फणीनं, उवांच्या फणीनं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विंचरत गेले. जिथं फणी जाईना तिथं सुई. पट्टी पुन्हा करकरून चिकटली.

नायलॉनची जाळी साबणाच्या पाण्यात भिजत घातली आणि न पिळता सावलीत दोरीवर टाकली. पिळली की तिची घरं तिरपी होतात आणि मग चौकटीवर ती सरळ बसत नाही. एका कोपऱ्यात सुरकुती राहिली तर तेवढी वाट डासाला पुरते.

१६ मार्च

गहू घरात आला. वाड्यामागची धूळ बसली. आता धुणं.

रात्री रिठे भिजत घातलेत. आईंचा आग्रह आहे की जुन्या घराच्या जाळ्यांना साबण नको, रिठाच. मला पटतं. जीआयच्या जाळीला सौम्य गोष्टच हवी आणि रिठ्याचा फेस साधी धूळ सोडवायला पुरतो. तेलकटपणापुढे तो कमी पडतो, तिथं भांडी घासायचं लिक्विड.

१७ मार्च

माजघराच्या दोन खिडक्या झाल्या.

मी बादली घेऊन उभी राहिले तेवढ्यात आई ओरडल्या, "पाणी नको टाकू वं आधीच! गारा होईन त्याचा, मंग बसशीन सुईनं एकेक घर कोरत."

आमच्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीची धूळ. ही माती पाणी पिऊन फुगते, म्हणून उन्हाळ्यात शेताला हातभर भेगा पडतात आणि पावसात त्याच भेगा मिटतात. जाळीवरही ती तेच करते. कोरडी असते तोवर टिचकीनं सुटते. पाणी लागलं की फुगून घर भरून टाकते आणि वाळली की घट्ट होते. आमच्या वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर-हिंगणघाटकडे कोणाला एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन. आधी कोरडं, पूर्ण कोरडं, मग पाणी. पाइपचा फवारा मारून काम उरकायचा मोह होतो, पण त्या फवाऱ्यानंच आपल्या भागातल्या अर्ध्या जाळ्या कायमच्या बुजल्या असतील.

धूळ बहुतेक बाहेरच्या अंगाला असते, म्हणून झटकायचं आतून. रंगाच्या कामातला रुंद मऊ ब्रश घेतला आणि आतल्या बाजूनं टोकानं थोपटत गेले. धूळ बाहेर पडते. सकाळी लवकर केलं, वारा सुटायच्या आधी. नंतर ब्रश तारेच्या दिशेनं, आधी उभा, मग आडवा. तिरपा फिरवला तर केस तारांमध्ये अडकतात.

मग रिठ्याचं पाणी. जाळी चुका ठोकून बसवलेली, काढता येत नाही. मिस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले, "पट्टी काढली तं चिरते, ताई. साग चांगला हाय, पण चुका जंगल्या त्याच्यात." म्हणून जागेवरच धुतली. आई बाहेर सपरीत (ओसरीत) आणि मी आत, दोघींच्या हातात एकेक स्पंज. दोन्ही स्पंज जाळीच्या एकाच जागेवर समोरासमोर ठेवायचे आणि एकत्र खाली आणायचे. एकीनं दाबलं तर जाळी पलीकडे फुगते, मधोमध पोट येतं आणि चुका ढिल्या होतात. दोघींनी धरलं की ती ताठ राहते आणि मळ दोन्हीकडून सुटतो. जाळीतून आईंचा हात माझ्या हाताला जाणवत होता. त्या जिथं थांबायच्या तिथं मी थांबायचे. बोलावं लागलं नाही.

शेवटी स्वच्छ पाण्याचा स्पंज आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपणं. लाकडात पाणी मुरू द्यायचं नाही, म्हणून खालच्या पट्टीवर जुनं लुगडं घडी करून ठेवलं होतं.

१८ मार्च

एक बाब राहिली होती. पाणी कुठलं? बोअरचं पाणी जड आहे, तांब्याला पांढरं बसतं. काल एका खिडकीला शेवटचा हात बोअरच्या पाण्याचा दिला, ती वाळल्यावर तारेच्या गाठींवर पांढरे ठिपके दिसले. नळयोजनेचं पाणी त्यामानानं हलकं आहे. धुणं बोअरच्या पाण्यात, पण शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, असं ठरवलं.

कूलरच्या खिडकीशेजारची फायबर जाळी तर क्षारानं पांढरीच आहे. तिथं लिंबू. अर्धं लिंबू पाण्यात पिळून ते फडक्यानं लावलं, थोडा वेळ ठेवलं, मऊ ब्रश, भरपूर पाणी. क्षार फसफसून सुटतो. जीआयच्या जाळीला मात्र लिंबूसुद्धा नको, जस्त आंबटाला टिकत नाही. तिचे पांढरे ठिपके राहिले तर राहू दे.

२० मार्च

स्वयंपाकघर. इथं माजघराचा नियम उलटा. कोरडा ब्रश लावला तर धूळ सुटत नाही, चिकट मळ नुसता पसरतो.

हा चिकटपणा कुठून येतो ते लक्षात घेतलं की उपाय सुचतो. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडतं आणि तारेवर बसतं. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात. जवसाचं तेल त्यात पहिलं, म्हणूनच ते लाकडाच्या पॉलिशमध्ये आणि तैलरंगांत वापरतात. आईंच्या तरुणपणी या घरात जवसाचंच तेल असायचं. जुन्या स्वयंपाकघराच्या तुळईवर अजून त्याचा पिवळा, चिवट पापुद्रा आहे, नखानं निघत नाही. आता आम्ही सोयाबीनचं वापरतो. तेही घट्ट होतं, पण कमी आणि सावकाश. म्हणजे ताजं तेल साबणानं सुटतं, महिने उलटले की सुटत नाही. स्वयंपाकघराची जाळी वर्षातून एकदा धुण्यात अर्थ नाही. दर महिन्याला कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं फिरवलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

या वेळी मात्र थर जुना होता. जाळीची चौकट काढता येते, ती मागच्या अंगणात खाटेवर आडवी टाकली. स्टील असल्यामुळे धुण्याचा सोडा चालतो. गरम पाण्यात सोडा विरघळवून त्यात जुना टॉवेल भिजवला आणि जाळीवर पांघरून ठेवला. वरून पुन्हा पुन्हा गरम पाणी शिंपडत राहिले, टॉवेल वाळू दिला नाही. हातात रबरी मोजे, सोडा कातडी खातो. अर्ध्या तासानं टॉवेल उचलला तर तो तपकिरी झाला होता. नंतर नायलॉनचा ब्रश आणि लिक्विड. चुलीच्या दिवसांतली काजळी कोपऱ्यात उरली होती, ती आईंनी दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढली.

वरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. आत कोणी उरलेलं नव्हतं, भोक पडलेलं होतं. ते ओलं करून अलगद काढलं.

२३ मार्च

नव्या खोलीची सरकती जाळी. पल्ला किंचित वर उचलून खालची कड बाहेर ओढली की निघतो. काढण्याआधी चौकटीच्या कडेला खडूनं खूण केली, कारण दोन्ही पल्ले सारखे दिसतात पण एकाच्या जागी दुसरा घट्ट बसतो.

कोरडं झटकून, मग बादलीभर कोमट पाण्यात थोडं लिक्विड घालून स्पंजनं. जाळीखाली दुसरा सपाट स्पंज ठेवला, म्हणजे दाब पडून ती ताणत नाही. फायबर एकदा ताणली की परत मूळ जागी येत नाही. उन्हात वाळवायची नाही, सावलीत भिंतीला तिरपी टेकवायची.

खालचा रूळ हीच खरी घाण जागा. मातीचा थर, मुंग्यांची वारुळाची रांगोळी, पंख, पालीची लेंडी. रुळात पाणी वाहून जायला बारीक छिद्रं असतात. ती बुजली की पावसाचं पाणी साचतं आणि आत खोलीत येतं. काडीनं मोकळी केली. पल्ल्याच्या कडेला केसाळ पट्टी असते, दोन पल्ल्यांमधली फट तीच बुजवते. एका बाजूची पट्टी झिजून टक्कल पडलंय. नवी आणायची.

२९ मार्च

हिंगणघाटला गेले होते. केसाळ पट्टी मिळाली. जाळी खाचेत दाबून धरणारी रबराची दोरी पण आणली. ती उन्हानं कडक होऊन आखडते आणि कोपऱ्यातून सुटते. जुन्या दोरीचा तुकडा सोबत नेला होता म्हणून नेमकी जाडी मिळाली, ती डोळ्यानं ओळखता येत नाही. दोरी बसवताना एका बाजूनं सलग जायचं नाही. आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग उरलेल्या. ताण हलका ठेवायचा, नाही तर चौकट मधून वाकते.

संध्याकाळी माजघराच्या जीआय जाळीचं भोक बुजवलं. उंदरानं कुरतडलेलं, रुपयाएवढं. त्याच जाळीचा, भोकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा चौकोन कापला. कडेच्या दोन-दोन तारा ओढून काढल्या की बाकीच्या तारांची टोकं मोकळी होतात. ती काटकोनात वाकवून जाळीतून आरपार घातली आणि मागून दुमडली. खिळा नाही, गोंद नाही. आईंनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं वं." त्या सहसा असं म्हणत नाहीत.

रात्री दिवे घालवून मुलीला बाहेर टॉर्च घेऊन उभं केलं. आतून पाहिलं की जाळीतलं भोक दिसतंच, पण चौकटीच्या कडेच्या फटीही उजेडाच्या रेघेसारख्या दिसतात. जाळीतली भोकं दोनच होती. फटी जास्त निघाल्या. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, तिथून डासांची वाट होते. पट्टीमागं जुन्या सायकलच्या ट्यूबची चीर कापून दाबली.

७ एप्रिल

कूलर बसला. वाळ्याची जुनी ताटी मामाजींना (सासऱ्यांना) आवडते, पण आता लाकडाच्या लगद्याचे पॅड.

मामाजींनी आज सगळ्यांना उदबत्तीनं एक गोष्ट दाखवली. कूलर चालू केला, समोरची खिडकी उघडली, जाळी बंद ठेवली. उदबत्ती जाळीजवळ धरली. धूर आडवा होऊन सरळ जाळीतून बाहेर गेला. मग तीच उदबत्ती गोठ्याकडच्या खिडकीपाशी नेली. ती एकच जाळी अजून धुवायची राहिलीय. तिथं धूर जाळीला लागून वर चढला आणि खोलीतच वळला.

"आंदरची हवा भाईर जाईन तवा भाईरची आंदर येईन ना," मामाजी म्हणाले.

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते म्हणून हवा गार होते, पण तीच हवा आता दमट असते. ती समोरून बाहेर गेली नाही तर खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि लोक म्हणतात कूलर खराब झाला. कितीतरी घरी मोटर बदलतात, पॅड बदलतात. समोरच्या जाळीकडे कोणी पाहत नाही.

कूलर खिडकीत बसवला की त्याच्या चारही बाजूंना फट राहते. तिथं पुठ्ठा खोचतात, तो ओला होऊन गळून पडतो. या वेळी प्लायवुडची पट्टी मापानं कापून बसवली आणि कडेला ट्यूबची चीर दिली.

११ मे

काल दुपारी वावटळ, मग अवकाळीचे चार थेंब. सगळ्यात वाईट मेळ: आधी धूळ, वर थोडंसं पाणी. आज सकाळी जाळ्यांवर चिखलाचे ठिपके. पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही. दुपारच्या उन्हात ते तडकले आणि ब्रशच्या टोकानं गळून पडले. आईंच्या त्या ओरडण्याचा उपयोग पुन्हा झाला.

२८ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस. पारा ४५ च्या वर. कोणतंही काम नाही. भाऊजींच्या खोलीत कूलर नाही, फक्त पंखा. जाळीचा पल्ला बंद होता आणि ते झोपले होते.

१२ जून

मृग लागला, पाऊस झाला. रात्री वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती आले आणि सकाळी जाळीत पंखच पंख. ओले असताना ते तारेला चिकटतात, वाळल्यावर फुंकरीनं उडतात. संध्याकाळी पहिला तासभर खिडकीजवळचा दिवा बंद ठेवला तर निम्मे येत नाहीत.

बारीक हिरवे तुडतुडे मात्र जाळीतून सरळ आत येतात. १८ बाय १६ ची जाळी डासासाठी आहे, त्याहून बारीक जीव तिच्यातून जातोच.

३ जुलै

आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरभेटीला आल्या होत्या. कूलरची टाकी पाहिली. कूलर आता बंद आहे, पण तळाशी पाणी होतं. त्यांनी ते ओतायला लावलं, नुसतं ओतून नाही, टाकीच्या कडा घासायला लावल्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. पुन्हा पाणी आलं की अळी बाहेर. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात तो यासाठी. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात.

जाळ्या पाहून खूश झाल्या, आणि एक गोष्ट बजावून गेल्या: "हा डास दिवसा चावते, ताई. रात्री जाळी लावून दिवसा उघडी ठेवली तं काही फायदा नाही." आमच्याकडे सकाळी झाडताना सगळे पल्ले उघडतात आणि ते संध्याकाळपर्यंत तसेच राहतात. ती सवय मोडायचीय.

मी त्यांना चांदीपुरा विषाणूबद्दल विचारलं. ते नाव आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं, १९६५ मध्ये तिथं हा विषाणू पहिल्यांदा सापडला. लहान मुलांना होतो, ताप मेंदूत जातो आणि काही तासांत मूल गंभीर होतं. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती, २०२४ मध्ये गुजरातेत. तो पसरवते वाळूमाशी. ती डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी, आमच्या जाळीतून सहज जाते. तिच्यासाठी जाळी बारीक घेतली तर हवा अडते आणि आपण पुन्हा पल्ला उघडतो. म्हणून तिचा बंदोबस्त भिंतीत करायचा. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत, शेणाकचऱ्याच्या आसपास वाढते.

६ जुलै

पाऊस उघडला तशी मामाजी आणि भाऊजींनी गोठ्याची आणि मागच्या मातीच्या भिंतीची भेग न्‌ भेग बुजवली, वरून लिंपण केलं. शेणाचा ढीग भिंतीपासून दूर हलवला. हे काम जाळीच्या वहीत लिहितेय, कारण जाळी जिथं थांबते तिथून हे सुरू होतं.

१४ जुलै

गोठ्याकडची जाळी धुवायला घेतली आणि सोडून दिली. खालच्या बाजूला जंगानं तार सुईसारखी बारीक झालीय, ब्रश लावला की तुटते. अशी जाळी धुण्यात वेळ घालवू नये. तिथं जनावरांच्या अंगाची वाफ आणि मूत्राचा अमोनिया सतत लागतो, जस्त टिकत नाही. पुन्हा जीआय बसवायची नाही, फायबर घ्यायची.

मिस्त्री पोळ्याआधी येतो म्हणालेत. चुका न ठोकता पट्टी स्क्रूनं बसवायला सांगितलं, म्हणजे पुढच्या वेळी जाळी काढून धुता येईल. माप घेतलं, साडेतीन फूट बाय अडीच. जाळी चारही बाजूंनी दीड इंच जास्त कापायची. आणि समोरच्या खोलीत कापूस यायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, त्या खिडकीला आतून जुन्या पातळाचा पडदा लावायचा. रुई पडद्यावर बसेल, पडदा धुता येतो.